हार्म, आल्त्ये आणि पाच देशांचा रस्ता

नाताळ उरकला की हार्म वोल्टिंगच्या स्वयंपाकघरातलं टेबल मोठं व्हायचं. बाजूची फळी ओढून काढायची, तिच्यावर नकाशे पसरायचे, आणि मग उन्हाळा येईपर्यंत नवराबायकोनं एका कोपऱ्यात ताटं सावरत जेवायचं. आल्त्ये कुरकुरायची, पण ते आपलं वरवरचं. आमचं निम्मं गाव असंच करतं. गाडीमागे ओढायची कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरचं घर, हिवाळाभर कुणा शेतकऱ्याच्या कोठारात धूळ खात पडलेली असते आणि धनी टेबलाशी बसून आल्प्स ओलांडत असतो. प्रवास तीन आठवड्यांचा, चघळणं मात्र सहा महिन्यांचं!

हार्मनं जन्मभर दुधाचा टँकर चालवला. धुकं असो, बर्फ असो, गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करून डेअरीत पोचवलं. एकदाही गाडी कालव्यात घातली नाही, हे तो स्वतःच सांगायचा, आणि दर वेळी नव्यानं सांगायचा. फोनमधली बाई रस्ता सांगते ती त्याला बिलकूल खपत नसे. "तिनं कधी कॅरॅव्हान मागे लावून घाट चढलाय का? मग गप्प बसायला सांगा तिला."

यंदाचा बेत मोठा होता. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि शेवटी क्रोएशियाचा समुद्र, म्हणजे आपला देश धरून पाच. तिथल्या कॅरॅव्हानच्या तळावर तरुणपणी ते वर्षानुवर्षं जात. हार्म पंचाहत्तरीचा होत होता आणि नात फेन्ना अकराची. तिला तो समुद्र दाखवायचाच, असं त्यानं घेतलं होतं मनावर. बुधवारी शाळा अर्धीच असते. आजोबा तिला गाडीनं आणायचे, पोहायच्या क्लासला न्यायचे, आणि मग दोघं नकाशावर डोकी टेकवून बसायची. पोरगी रंगीत पेन्सिलीनं रस्ते गिरवायची, म्हातारा भिंगातून बोगदे शोधायचा. एरवी दिवसभर खिडकीबाहेर बघत बसणारा माणूस तिथे कसा फुलायचा!

आल्त्ये ते पाहायची आणि नकाशाकडे पाठ करून भांडी घासायला लागायची.

त्याचं कारण फेब्रुवारीतलं. रोपं आणायला दोघं गेली होती, परतताना कालव्याकाठचा सरळ रस्ता. आल्त्ये काहीतरी बोलत होती, तिकडून हूं नाही की चूं नाही. वळून बघते तर हार्मचे डोळे उघडे, हात स्टीअरिंगवर, आणि माणूस जागेवर नाही. "हार्म! हार्म! अरे हार्म!" गाडी आपली संथपणे पाण्याकडे सरकतेय. तिनं झेप घालून स्टीअरिंग ओढलं. चाकं गवतावरून परत रस्त्यावर आली, तेव्हा कुठे हा भानावर आला.

"काय ओरडतेस गं? रोपं सांडतील ना!"

"तू कुठे होतास?"

"कुठे असणार? झोप झाली नव्हती नीट. एवढं आकांडतांडव कशाला?"

विषय संपला. म्हणजे त्याच्यापुरता संपला.

आमच्याकडे पंचाहत्तरीला लायसन्स चालू ठेवायचं तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते. आल्त्ये मुद्दाम बरोबर गेली. डॉक्टरांनी डोळे बघितले, रक्तदाब बघितला, गुडघ्यांवर ठोकलं. मग विचारलं, "कधी भोवळ? मध्येच शुद्ध हरपणं, असं काही?"

"छे! घोड्यासारखा आहे मी," हार्म म्हणाला.

डॉक्टर हसले आणि त्यांनी सहज आल्त्येकडे पाहिलं. बाई, तेव्हा बोलायचं होतं! पण ती पर्सची चेन लावत बसली. परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं कसं, आणि त्याचं ते टेबल रिकामं करायचं कसं, या दोन गोष्टी तिला जमेनात. लायसन्स झालं. हार्मनं येताना मासे विकणाऱ्याच्या गाडीवरून तळलेला मासा घेतला आणि शीळ घालत गाडी घरी आणली.

त्यानंतर तिनं आडून आडून बरेच प्रयत्न केले. विमानानं जाऊ या म्हणाली. "विमानात बटाटे नेऊ देतात का?" हार्मनं विचारलं. क्रोएशियाचे बटाटे त्याला आवडत नसत, तो शेजारच्या येन्नेकडून पोतं भरून नेणार होता. रेल्वे म्हणाली, तर तो नुसता हसला. इथंच तळ्याकाठी राहू म्हणाली, तर दोन दिवस बोलला नाही. लेकीला, म्हणजे फेन्नाच्या आईला, मार्ग्रीतला, एकदा फोनही केला, पण मार्ग्रीत कामाच्या घाईत, आणि मागून हार्मचा आवाज, "मार्ग्रीत का गं? तिला सांग, पोरीची उशी लागेल!" आल्त्येनं उशीचंच सांगितलं आणि फोन ठेवला.

वाढदिवस आला तो मे महिन्यात. आमचे वाढदिवस तुम्ही बसून काढले असतील तर सांगायला नको. सगळ्या खुर्च्या भिंतीकडेनं गोल, सगळी माणसं त्या गोलात, मध्ये नुसता गालिचा. येणारा प्रत्येकाशी हात मिळवत फिरतो आणि प्रत्येकाचंच अभिनंदन करतो. दुपारभर आल्त्येचा हात हलवून माणसं म्हणत होती, "नवऱ्याबद्दल अभिनंदन हं!" ती "आभार, आभार" म्हणत होती. एक कॉफी, एक केकचा तुकडा, दुसरी कॉफी. त्या गोलात कानात कुजबुजायची सोय नाही. एक बोलतो, सगळे ऐकतात.

चीजचे तुकडे फिरू लागले तसा हार्म उठून उभा राहिला.

"ऐका! जुलैत निघतोय. पाच देश. आणि या खेपेला नकाशा वाचायला माझी नात. फेन्ना पुढे बसणार, माझ्या शेजारी. आजी मागे, बटाट्यांवर लक्ष ठेवायला!"

सगळे खो खो हसले. येन्ने म्हणाला, "आल्त्ये, तुझी बढती झाली की गं!"

आल्त्ये हसली नाही. मागची सीट. मागच्या सीटवरून स्टीअरिंगला हात पोचत नाही. तिच्या डोळ्यांपुढे आल्प्समधला तो लांबच लांब बोगदा आला, समोरून येणारे ट्रक आले, आणि पुढच्या सीटवर रंगीत पेन्सिली घेऊन बसलेली पोर.

"आई," गोलाच्या पलीकडून मार्ग्रीत म्हणाली. ही पोरगी लहानपणापासून अशीच, तोंडावर विचारणारी. "चेहरा का असा तुझा? बाबा नीट चालवतात ना?"

"म्हणजे काय!" हार्म म्हणाला.

"मी आईला विचारतेय, बाबा."

सगळे माना वळवून आल्त्येकडे बघू लागले. तिनं हातातली बशी मांडीवर ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "चालवता चालवता त्याची शुद्ध जाते. डोळे उघडे असतात, पण तो नसतो. फेब्रुवारीत कालव्यावर मी स्टीअरिंग ओढलं म्हणून आम्ही आहोत."

"बाईसाहेबांना स्वप्न पडलं," हार्म म्हणाला, पण त्याचा आवाज चिरका निघाला. "अरे, डॉक्टरांनी पास केलंय मला!"

"डॉक्टरांना तू खोटं सांगितलंस, हार्म. आणि मी शेजारी बसून गप्प राहिले."

येन्ने काहीतरी विनोद करायला गेला आणि अर्ध्यात थांबला. मार्ग्रीत उभी राहिली. आल्त्येला वाटलं, आता ही बापावर तुटून पडणार. पण ती वळली आईकडे.

"फेब्रुवारी? आणि तेव्हापासून दर बुधवारी फेन्ना बाबांच्या गाडीत बसतेय. आई, तुला ठाऊक होतं, आणि तू तिला बसू दिलंस?"

खरंच होतं ते. क्रोएशियाचं भय उराशी धरून बसलेल्या बाईला बुधवार दिसलाच नव्हता. रोजचा रस्ता, गावातला, चार वळणांचा, तो तिनं रस्त्यांत धरलाच नव्हता. शरमेनं तिला तोंड वर करवेना. फेन्ना मान खाली घालून रडायला लागली होती. मार्ग्रीतनं तिचं जाकीट उचललं, कुणाशी हात न मिळवता दोघी बाहेर पडल्या. मागोमाग बाकीचेही घड्याळं बघत उठले. केक अर्धा तसाच राहिला.

आल्त्येनं खुर्च्या आवरल्या नाहीत. स्वयंपाकघरात आली तर हार्म टेबलाशी, नकाशावर दोन्ही तळवे ठेवून. ती आता शिव्या खायला तयार होती. चाळीस वर्षांत त्यानं तिच्यावर हात उगारला नव्हता, पण तोंड त्याचं तिखट होतं. त्यानं नकाशाचा कोपरा सपाट केला. खुंटीवरची गाडीची किल्ली तिनं काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली. त्यानं ते पाहिलं.

"एकदाच नाही झालं," तो म्हणाला.

"आणखी कधी?" तिनं विचारलं.

"मार्चमध्ये. पोहण्याच्या क्लासहून येताना. मला काहीच कळलं नाही. भानावर आलो तर गाडी कडेला उभी आणि पोरीचे दोन्ही हात स्टीअरिंगवर. तिनं हँडब्रेकसुद्धा ओढला होता. अकरा वर्षांची पोर गं!" त्यानं भिंग बाजूला सारलं. "मी म्हटलं, आजीला सांगू नकोस. आईला सांगू नकोस. तिनं नाही सांगितलं."

"हार्म, आणि तरी तू तिला पुढे..."

"तिला जमतं ते," हार्म म्हणाला. "तू प्रवासात झोपतेस. तिला जमतं, म्हणून पुढे."

आल्त्येनं खुर्ची ओढली आणि नकाशा जवळ घेतला. रंगीत पेन्सिलींची ती रेघ ऑस्ट्रियापर्यंत गेलेली होती. म्हणजे इतके बुधवार पोरगी नकाशा शिकत नव्हतीच. ती आजोबांवर पहारा करत होती, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

मग हार्मनं बाहीनं नाक पुसलं आणि फोन तिच्याकडे सरकवला.

"लाव मार्ग्रीतला. माझ्यानं नाही बोलवणार. फेन्नाला सांग, आता आईला सांगितलं तरी चालेल."