बाही काढून घेतलेलं रक्त

"रक्त एवढं घट्ट असेल तर मी या बाईंना ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नाही," सर्जन म्हणाले आणि रिपोर्ट मानसीच्या हातात दिला. मी शेजारीच उभी होते. आखातातल्या या लॅबमध्ये मी तिच्या कितीतरी आधीपासून आहे. ही पुण्याहून आली काय आणि नवं व्हिस्कोमीटर थेट तिच्या टेबलावर बसलं काय. माझा जळफळाट झाला, लपवत नाही.

व्हिस्कोमीटर म्हणजे रक्ताचा घट्टपणा मोजणारं मशीन. पुरुषांत तांबड्या पेशी जास्त, म्हणून त्यांचं रक्त मुळात जरा घट्ट. वजन फारच वाढलं की रक्तातली काही प्रथिनं वाढतात आणि पेशी पापडांच्या चळतीसारख्या चिकटतात. हे बायकांतही होतं. पण मानसीच्या रिपोर्टांत लठ्ठ बायकांचं रक्त लठ्ठ पुरुषांपेक्षाही घट्ट येत होतं. काहीतरी नवीन सापडलं म्हणून डॉक्टर तिला चहाला बोलवायचे. मला कधी कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

ज्यांचं ऑपरेशन अडलं त्या फिंतास भागातल्या उम्म फहद, म्हणजे फहदची आई. पोट लहान करून घ्यायचं होतं. गुडघे गेलेले, झोपेत श्वास अडकायचा. बाहेरच्या खुर्चीवर बसून रडत होत्या.

"डॉक्टर बोलता, खून मोटा," त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. "मैं मोटा, इसलिए खून मोटा. अब मैं किधर जाएगा?"

मला वाईट वाटलं. पण त्याआधी बरं वाटलं होतं. मशीन चुकलं असेल तर मानसीही चुकली.

मी हात धुऊन मागे लागले. मशीनचं तापमान बघितलं, कंट्रोल, म्हणजे घट्टपणा आधीच ठाऊक असलेला नमुना, लावून बघितला. सगळं चोख. माझा विरस झाला. मग बाईंचे बाकीचे रिपोर्ट काढले. पेशी वाढलेल्या, प्रथिनंही सगळी वाढलेली, जणू रक्तातलं पाणीच कमी झालेलं. दंडाला रबरी पट्टी फार वेळ राहिली की असं होतं. बायकांच्या खोलीत रक्त घेणारी शायनी शपथेवर म्हणाली, "मैं तो पट्टी तुरंत खोलती हूँ."

मी तिथे जाऊन उभी राहिले. शायनी खरंच पट्टी लगेच सोडत होती. पण अबायाच्या, म्हणजे वरच्या काळ्या झग्याच्या, आत बायका घट्ट लांब बाह्यांचा टॉप घालतात. ती बाही गुंडाळून दंडावर चढवलेली. पट्टी सुटली तरी बाही आवळलेलीच. बारीक हाताला चालून जातं, लठ्ठ दंडात ती रुततेच. पलीकडे पुरुषांच्या दिशदाशाची, म्हणजे पायघोळ झग्याची, बाही ढिली, सहज वर सरकते. इथे बाईला बाही काढा म्हणायला संकोच, आणि पडद्याआड पुरुष डॉक्टर येणार नाही. मग बघणार कोण?

मी उम्म फहदना आत बोलावून दार लावून घेतलं. "खालती," म्हणजे मावशी, "हाथ पूरा बाहर निकालो." त्यांना निवांत बसू दिलं आणि मग रक्त घेतलं.

मानसीने नमुना लावला. घट्टपणा होताच, लठ्ठपणाचा असतो तेवढा. ऑपरेशन अडावं असं काही नव्हतं. बाकीच्या बायकांचे नमुने असेच पुन्हा घेतले, तेव्हा बहुतेकींचं रक्त पुरुषांपेक्षा पातळच निघालं. तिचा शोध संपला. मी तिचं तोंड उतरायची वाट बघत होते.

"ताई, वाचवलंत मला," ती म्हणाली. "हे छापायला जाणार होतं."

माझ्यासमोरच तिने सर्जनना फोन लावला, चूक मी पकडली म्हणून सांगितलं. स्पीकरवर उत्तर आलं, "शाबास, मानसी."

उम्म फहदचं ऑपरेशन झालं. नंतर त्या स्वतःच्या पायांनी चालत लॅबमध्ये आल्या आणि खजुराचा डबा व्हिस्कोमीटरशेजारी ठेवून गेल्या. मानसीने तो लगेच माझ्याकडे सरकवला. मला गोड चालत नाही, असं मी म्हटलं. ती जेवायला गेल्यावर तीन खाल्ले.

शिकायचं ते इतकंच. बाही आधी पूर्ण काढा, मग मशीनवर विश्वास ठेवा. आणि काम तपासायचं असेल तर जळणाऱ्या माणसाला द्या. मी स्वतःचं कामही इतकं बारीक बघत नाही. व्हिस्कोमीटर अजून तिच्याच टेबलावर आहे.