चौथा गिअर न पाहिलेली गाडी

चऱ्होलीच्या ज्ञानेशनं मोटार बांधली. विकत घेतली नाही हं, बांधली. पत्र्याच्या शेडमध्ये, चाकणच्या कंपनीतली वेल्डरची नोकरी सांभाळून, चार वर्षं सुट्ट्या आणि सणवार घालवून. आणि बांधली कशावर, तर गावाच्या वैकुंठरथावर! आता बोला.

झालं असं की, जुन्या धाटणीच्या मोटारीची फायबरची बॉडी सुट्या भागांत मिळते, हे त्याला कुठून तरी कळलं. दोन माणसांची, वरून उघडी, लांब नाकाची आणि गोल दिव्यांची. बॉडी विकणाऱ्यांची, पण खालची चेसी, म्हणजे ज्या लोखंडी सांगाड्यावर गाडी उभी राहते तो, आपला आपण आणायचा. शहाणी माणसं त्यासाठी जुनी जीप शोधतात. ज्ञानेशनंही भोसरीपासून तळेगावपर्यंत भंगाराची दुकानं पालथी घातली. पण जी जीप बघावी ती वाकलेली, तडकलेली, आयुष्यभर ओझी वाहून कंबर मोडलेली. घरी येऊन तो जेवणसुद्धा धड करायचा नाही.

त्याच सुमारास महापालिकेची नवी शववाहिनी आली आणि तरुण मंडळाचा जुना वैकुंठरथ शाळेमागं बाभळीखाली जाऊन बसला. भंगारात द्यायला कुणाचा जीव होईना. आजवर त्याची डागडुजी ज्ञानेशच फुकटात करायचा, म्हणून मंडळानं तो त्याच्याच गळ्यात घातला. त्यानं पांढरा पत्रा उतरवला, काचा काढल्या, आतला स्ट्रेचर मंडळाला परत केला आणि उघड्या पडलेल्या चेसीला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून लावली. दोरी कुठं म्हणून उचलली गेली नाही. कारखान्यातून निघाली त्या दिवशी असेल तशी सरळ चेसी. एक तडा नाही, एक पीळ नाही. त्याचा विश्वासच बसेना. त्यानं दोरी सोडली, पुन्हा लावली.

मग त्याच्या ध्यानात आलं. या गाडीला जन्मात कधी कुणी पळवलंच नव्हतं. लोक पुढं-मागं चालायचे आणि ही त्यांच्या पावलानं जायची. हिच्यात कधी एकापेक्षा जास्त माणूस झोपला नाही. खड्डा आला की ड्रायव्हर जीव मुठीत धरून चाक उतरवायचा, आतल्या माणसाला धक्का लागू नये म्हणून. ज्याला कसलाच धक्का कळणार नव्हता, त्याच्यासाठी एवढी काळजी! ज्ञानेश तिथंच खाली बसला. या दोन लोखंडी पट्ट्यांवरून आपलं निम्मं गाव गेलंय, हे काय त्याला आधी माहीत नव्हतं? माहीत होतं. पण त्या दिवशी त्याच्या अंगावर काटा आला. उठून त्यानं चपला शेडच्या बाहेर काढल्या आणि त्यानंतर कधी आत घातल्या नाहीत. पायावर ठिणग्या उडायच्या, तरी नाही.

त्याचे वडील आबाजीसुद्धा याच गाडीतून गेले होते. तेव्हा गाडी नवी होती आणि ज्ञानेश आयटीआयला शिकत होता. मडकं धरून तो पुढं चालला होता. त्यामुळं मागं काय चाललं होतं ते त्यानं पाहिलं नव्हतं.

गावानं मात्र त्याला फाडून खाल्लं. भावा, हॉर्नच्या जागी घंटा लावणार का? राव, उतरताना जिवंत उतरवशील ना? एकानं तर पहिल्या फेरीला आपल्या सासऱ्यांना न्यायला सांगितलं. शेखरदादानं, म्हणजे तो वैकुंठरथ वर्षानुवर्षं चालवलेल्या ड्रायव्हरनं, थट्टा केली नाही. तो यायचा, गिअरच्या दांड्यावर हात ठेवायचा आणि सांगायचा की या गाडीला पहिला माहीत आहे, दुसरा माहीत आहे, क्वचित रिकामी परतताना तिसरा पडला असेल. चौथा गिअर हिनं पाहिलेलाच नाही. ज्ञानेशनं इंजिन दुसरं बसवलं, पण गिअरबॉक्स तोच ठेवला.

चेसी लांब होती. जाणकारांनी सांगितलं, मधून काप आणि जोड. पण कापायला त्याचा हात धजेना. मग बॉडीच वाढवली. नाक आणखी लांबलं आणि दोन्ही सीटा सरकत सरकत थेट मागं गेल्या, जिथं पूर्वी स्ट्रेचर असायचा तिथं. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो थोडा दचकला. पण दुसरी जागाच नव्हती. आरटीओच्या खेपांचं तर नाव काढू नका. त्यात माणूस म्हातारा होतो.

घरात दोन बायका. बायको मिनल, तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की गाडी दारात उभी राहणार नाही आणि पोरं तिच्यात बसणार नाहीत. तिचं तोंड चालायचं, म्हणून तिची काळजी नव्हती. काळजी होती आईची. कस्तुराबाई या सगळ्यावर एक अक्षर बोलली नव्हती. चहा घेऊन यायची, शेडच्या उंबऱ्यावर कप ठेवायची, आत क्षणभर बघायची आणि परत फिरायची. आत पाऊल म्हणून टाकलं नाही. ज्ञानेशला वाटायचं, आपण हिचं मन दुखावलं. आणि त्याच्या मनात तर पक्कं होतं की या गाडीत पहिल्यांदा आईच बसणार. जन्मभर ती टेम्पोत मागं पोत्यांवर बसून बाजाराला गेली होती. ती बसली तर ही मोटार. नाही बसली तर कितीही रंगवा, हा वैकुंठरथच.

खंडेनवमीला कंपन्यांमधून मशिनींची पूजा होते, तशी ज्ञानेशनं गाडीची मांडली. शेडचं दार उघडून तो तिला बाहेर घेऊन आला आणि जमलेल्या माणसांची थट्टा तोंडातल्या तोंडात राहिली. मोरपंखी रंग, गोल दिवे, त्यावर झेंडूचा हार. एवढी देखणी वस्तू आपल्या गावात, आपल्यातल्या एकाच्या हातून झाली, हेच लोकांना पटेना. माणसं भोवती फिरली. फोटो काढले. मडगार्डवर हात फिरवले. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. मिनलनंसुद्धा हात लांब करून का होईना, हळदकुंकू लावलं. पण सीटवर कुणी बसेना. ज्ञानेशनं दार उघडून धरलं, तर जो तो शेजारच्याकडे बघायला लागला. शेखरदादापुढं दार धरलं, तर त्यानं हात जोडले. हसू आणून आणून ज्ञानेशचे गाल दुखायला लागले.

तेवढ्यात कस्तुराबाई ओट्यावरून उतरली. गर्दी बाजूला झाली. ती गाडीपाशी आली, उघड्या दारातून आत वाकून बघत राहिली आणि मग शेखरदादाला विचारलं, "भावजी, यांचं डोकं कुठल्या अंगाला हुतं?"

शेखरदादानं डावीकडच्या सीटकडे बोट दाखवलं. तिथंच, असं कसंबसं म्हणाला.

कस्तुराबाईनं त्या सीटवर तळवा ठेवला. ज्ञानेशला वाटलं, संपलं सगळं, आता ही रडणार. ती रडली नाही.

"त्या दिशी मी मागचा दांडा धरून चालले हुते," ती म्हणाली. "येशीपाशी बायांनी माजी बोटं सोडवली. म्हन्ल्या, बाईमाणसानं हितनं म्होरं जायचं न्हाई. गाडी गेली. मी बघत ऱ्हायले. चार वरीस रोज त्या उंबऱ्यावर येत हुते, ज्ञाना, पर तुला इचारायचा धीर झाला न्हाई."

"काय विचारायचं, आई?"

"आता तरी मला बसू देत्यात का."

ज्ञानेशनं तिचा हात धरून तिला बसवलं. ती नीट टेकून बसली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, घाटावर ने, आणि सावकाश ने.

गाडी निघाली. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या पावलानं. शेखरदादा शेजारून चालायला लागला, जुनी सवय. त्याच्यामागं आणखी चार जण, मग गर्दीच. सगळ्यांत मागं मिनल. बांधकामांचे डंपर, शाळेची बस, डिलिव्हरीवाली पोरं, सगळे मागं तुंबले. हॉर्नचा नुसता कल्ला. पण रस्त्याकडेची जुनी माणसं गाडी बघून उठली आणि त्यांचे हात आपोआप जुळले. तिच्या चालीवरूनच ओळखलं त्यांनी. आणि मग आत ताठ बसलेली कस्तुराबाई दिसली, तशी ती माणसं जुळल्या हातांनी बघतच राहिली. ज्ञानेशचा ऊर भरून आला होता. आपण काय बांधलंय हे त्याला आत्ता कळत होतं.

वेशीपाशी कस्तुराबाईनं पुढच्या फळीवर बोटं घट्ट धरली. गाडी थांबली नाही. वेस मागं पडली, तशी तिची बोटं सैल झाली.

इंद्रायणीकाठी पत्र्याखालचा दहनाचा ओटा रिकामा होता. कुणीतरी झाडून घेतलेला. नदी संथ वाहत होती. ज्ञानेशनं इंजिन बंद केलं. बरोबरची माणसं लांबच थांबली. कस्तुराबाई खाली उतरली नाही. ओट्याकडे बघत बसली, नदीकडे बघितलं, पुन्हा ओट्याकडे.

"एवढंच व्हय," ती म्हणाली. "मला वाटायचं, लई लांब आसंल."

मग तिनं डोळे पुसले, झेंडूच्या हारातली फुलं तोडून घेतली आणि ज्ञानेशला ती ओट्यावर ठेवून यायला सांगितलं. तो ठेवून आला. गाडी वळवली. पुढं नदीकाठचा नवा रस्ता होता, रुंद, सरळ आणि मोकळा.

"ज्ञाना," ती म्हणाली, "आता जोरात घे."

त्यानं पहिला टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. गाडी तक्रार न करता उचलली. दांड्यावर हात ठेवून तो क्षणभर घुटमळला. आई त्याच्याकडेच बघत होती. त्यानं चौथा टाकला, आणि तो असा अलगद पडला की गाडी जणू त्याचीच वाट बघत होती. वारा अंगावर आला. कस्तुराबाईचा पदर डोक्यावरून उडाला, मागं फडफडायला लागला. तो सावरायला तिनं हात उचलला नाही.