उंची तसा पगार

बडनेऱ्याच्या आमच्या शिकवणीतले गणिताचे सर फार ठेंगणे आहेत. सरळ रेषा शिकवताना ते आडव्या अक्षावर उंची, उभ्या अक्षावर पगार घेतात आणि आम्हा शिक्षकांचेच ठिपके मांडतात. माझा ठिपका सगळ्यांत वर. तो काढायला ते स्टुलावर चढतात. मला गणित त्यांनीच शिकवलं.

परवा मी दारात उभा असताना एका मुलीनं त्यांना विचारलं, "सर, तुमचा ठिपका कुठी हाय?"

त्यांनी तो खाली डाव्या कोपऱ्यात काढला. रेघ बरोबर त्यातून गेली.

"पाहून घ्या, उंची तसा पगार."

पोरं हसली. तेही हसले.

वर्ग सुटल्यावर ते सावकाश फळा पुसत राहिले. घरी वाट पाहणारं कोणी नाही. शेवटी माझा ठिपका तेवढा उरला. ते मला म्हणाले,

"तेवढा तुमी पुसा, सर. माह्या हाताले येत नाही."

स्टूल शेजारीच होतं.