मोरपंखी कापडाचा तुकडा

“माराची अर्जात एक तारीख, तुमच्या फॉर्मवर दुसरी आणि काल कोर्टात तिसरी! मॅडम, आता विश्वास ठेवायचा कशावर?”

वकीलबाईंनी फाइल माझ्या टेबलावर आपटली. फाइल त्यांच्या अशिलाची, वनिताताईंची होती. त्या जरीपटका वस्तीत ब्लाऊज शिवतात. नवऱ्याने उजवं मनगट मोडलं, तेव्हा त्या घर सोडून गेल्या नाहीत, त्यालाच बाहेर काढलं. आता त्यांना संरक्षण आदेश हवा होता, म्हणजे नवऱ्याने घरात आणि दुकानात पाऊल ठेवू नये असा कोर्टाचा हुकूम. तो मिळाला नसता तर तो माणूस त्याच खोलीत परत आला असता. दवाखान्याचा कागद नव्हता. खापा गावी, माहेरी एका दिवसासाठी जाऊन त्यांनी हाडवैद्याकडून हात बांधून घेतला होता.

मी मानसशास्त्रज्ञ. नवऱ्याचा मार सोसलेल्या बायकांच्या आठवणींवर माझा रिसर्च चालू आहे. वनिताताई त्यात होत्या. आणि त्यांच्या मुलाखतीच्या माझ्याकडच्या प्रतीवर मीच लाल पेनाने ‘माहिती विसंगत’ असा शेरा मारून ती बाजूला टाकली होती. वकीलबाईंना हे सांगायची मला लाज वाटली. तरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वनिताताईंना बोलावलं. सवयीने पुन्हा फॉर्म काढला. पहिलाच रकाना तारखेचा. मी विचारलं आणि बाई भडकल्या.

“मॅडम, तुम्ही सारे मले तारीखच काहून विचारता? तो मले मारून राहिला होता, अन् मी काय कॅलेंडर पाहून राहिली होती? तुम्ही विचारता म्हणून कोणती तरी सांगते!”

जीव घाबरला की मेंदू तारीख-वार बघत नाही. समोरचा रंग, आवाज, वास मात्र घट्ट धरून ठेवतो. याला आम्ही ट्रॉमा मेमरी म्हणतो. हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवते. फॉर्म मात्र तारखेपासून सुरू! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी फॉर्म मिटला. “तेव्हा तुमच्या हातात काय होतं?”

“ब्लाऊज. मोरपंखी. एक बाही लागली होती, दुसरी राहिली होती.” क्षणभरही थांबल्या नाहीत.

“कोणाचा?”

“वहीत असंल ना.”

वही मापांची, त्यांच्या पिशवीतच होती. गिऱ्हाइकाचं नाव, छाती, कंबर, बाही, द्यायची तारीख आणि कोपऱ्यात टाचणीने लावलेला कापडाचा तुकडा. वर्षभराची पानं उलटत गेलो. मोरपंखी तुकडा एकच निघाला. शेजारी द्यायची तारीख. त्याच्या पुढच्या पानांवर मी बोट ठेवलं. महिनाभराचे आकडे वेडेवाकडे, लहान मुलाने गिरवल्यासारखे.

“हे काय?”

“डाव्या हातानं लिहिले. गिऱ्हाईक थोडीच थांबते?”

मोरपंखी ब्लाऊजवाल्या सिंधी काकू दोन गल्ल्या पलीकडेच राहत होत्या. वकीलबाई त्यांना भेटल्या आणि पुढच्या तारखेला काकू स्वतः कोर्टात हजर. “बहू की सगाई का ब्लाउज था, मैं ही लेने गई थी. इसका हाथ सूजा हुआ था और ये आदमी चिल्ला रहा था.” सगाईची पत्रिकाही पर्समध्ये आणली होती. वहीतली तारीख सगाईच्या आदल्या दिवशीची, म्हणजे काकू ब्लाऊज न्यायला गेल्या तीच आणि माराचीही तीच.

मग माझी साक्ष. नवऱ्याचे वकील हसले. “बाईला तारीख आठवत नाही, कापड आठवतं?”

“हो. आणि तारखा चुकल्या त्याला माझ्यासारखे प्रश्न विचारणारे कारण आहेत.” माझा लाल शेरा मी स्वतःच वाचून दाखवला आणि तो का चूक होता तेही सांगितलं. वकील खाली बसले.

आदेश मिळाला. कोर्टाबाहेर वकीलबाईंनी चक्क शिट्टी मारली. आम्ही तिघींनी तर्री-पोहे खाल्ले, आणि इतका आनंद मला पीएचडी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

तिथून वनिताताईंनी मला दुकानात नेलं. माझं माप घेतलं, तेही उजव्या हाताने. कापडाचा तुकडा टाचला आणि पेन माझ्याकडे केलं.

“आजची तारीख तुम्हीच लिहा मॅडम. ही मी जन्मात नाही विसरत.”

माझ्या फॉर्मवर तारखेचा रकाना आता सगळ्यात शेवटी आहे. लाल पेन मी ड्रॉवरमध्ये टाकलं आहे.