आवकचं टेबल

काल पोस्टात शाईच्या पॅडचा वास आला आणि चाकूरचं जुनं ऑफिस आठवलं. रेकॉर्ड रूमचं दार लावून एका क्लार्कनं माझ्या अंगावर हात टाकला होता. तक्रार लिहून नेली तर साहेबांनी वाचलीही नाही. "आवकमध्ये द्या, शिक्का मारून येऊ द्या," म्हणाले. आवकच्या टेबलावर तोच क्लार्क बसायचा. कागद वाचून त्यानं रजिस्टरात विषय लिहिला, 'रजेचा अर्ज'. "कशाला उगी स्वतःचीच इज्जत घालवायलात?" तो हळूच म्हणाला. "कागदात हाय तेच लिहा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. त्यानं ते खोडून 'तक्रार' आणि पुढं स्वतःचं नाव लिहिलं, शिक्का मारला. पोच घेताना ओली शाई माझ्या बोटांना लागली. पुढं त्याची नुसती बदली झाली, उदगीरला. तिथंही त्याच्याकडं आवकचंच टेबल आहे.