सगुणाला सांगून ठेवलंय

"सगुणाला सांगून ठेवलंय."

पाणी कधी येणार असं विचारलं की आमच्या गल्लीत पाणी सोडणारे मामा एवढंच उत्तर द्यायचे. खांद्यावर छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी, पायात रबरी चपला आणि चेहऱ्यावर असा भाव, की आपण माहिती दिलेली आहे, आता तुम्हाला ती घेता येत नसेल तर आपला काय दोष.

सगुणा ही आमच्या गल्लीतली कुत्री. तांबडी, एक कान पांढरा, शेपटी कायम अर्ध्यावर उभी. नाव मामांनीच ठेवलेलं. शेजारच्या काकूंच्या सासूबाईंचं नावही सगुणा होतं, पण काकूंनी त्याला कधी हरकत घेतली नाही.

तुम्ही आमच्या गारखेडा भागात राहत असाल तर पुढचं सांगायची गरज नाही, इतरांसाठी सांगते. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, पाळी असते. ती आठ दिवसांनी येते, कधी आणखी पुढं जाते, आणि आली तरी नक्की किती वाजता हे गुलदस्त्यात असतं. त्यामुळे व्हॉल्व्हची चावी ज्याच्या खांद्यावर, तो माणूस आम्हाला जावयापेक्षा मोठा. आम्ही त्याला चहा देतो, दिवाळीचा फराळ देतो आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहतो.

मामा ते तोंड माणसांसमोर उघडत नसत. "माणसाला टाइम सांगितला अन् पाच मिनिटं उशीर झाला की ते भांडतं," ते म्हणायचे. "कुत्रं भांडत नाय. ऐकून घेतं."

पाळीच्या दिवशी सकाळी ते गल्लीत यायचे, चावी भिंतीला टेकवायचे आणि सगुणासमोर उकिडवे बसायचे. "सगुणाबाई, आज तीनला आपला नंबर. पलीकडची गल्ली उरकली की आलोच." मग खिशातली चतकोर भाकरी तिला द्यायचे आणि निघून जायचे. दुपारी तीनच्या सुमाराला सगुणा उठायची आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यावरच्या लोखंडी झाकणावर जाऊन बसायची. कोणीतरी ओरडायचं, "सगुणा बसली", की सगळ्या घरांतून पाइप, मोटारी आणि पिंपं एकदम बाहेर पडायची. हे सगळं आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं की पाहुण्यांच्या हसण्याचं आम्हालाच नवल वाटायचं.

मी मात्र तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. मला गप्प राहवेना. "मामा, तिला शब्द कळत नाहीत," मी एकदा फाटकातून म्हणाले. "तुमचा आवाज कळतो, चावीचा खणखणाट कळतो आणि खिशातली भाकरी कळते."

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग बाई, तुमच्या पोरांना तरी काय कळत व्हतं? घंटा वाजल्याबिगर उठायचे का ते?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी प्रयोग सुचवला. उत्तर नसलं की प्रयोग काढायचा, ही आम्हा विज्ञानवाल्यांची जुनी खोड. आपली पाळी नसेल त्या दिवशी मामांनी नेहमीसारखं यायचं, चावी टेकवायची, त्याच लाडक्या आवाजात सगुणाला सांगायचं की आज पाणी नाही, आणि भाकरी द्यायची. तरीही ती झाकणावर बसली, तर तिला शब्द कळत नाहीत हे सिद्ध झालं.

मामांनी चावी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "खोटं तर नाय ना बोलायचं?"

"नाही हो. त्या दिवशी पाणी नसणारच आहे."

"मग चालतंय. मुक्या जनावराशी म्या आजवर खोटं बोललो नाय. माणसाशी बोललेलं चालतं, त्याला सवय असती."

ठरल्या दिवशी मामा आले, उकिडवे बसले. "सगुणाबाई, आज आपला नंबर नाय. मागच्या गल्लीचा हाय. तुमी निवांत पडा." सगुणानं भाकरी खाल्ली. मामा मागच्या गल्लीत कामाला गेले. तीन वाजता सगुणा उठली, अंग झटकलं आणि झाकणावर जाऊन ताठ बसली.

या वयात मला झालेला तो आनंद सांगायला लाज वाटते. पण मी आणि मामा, दोघंही एक गोष्ट विसरलो होतो. प्रयोग सगुणावर होता, आणि सगुणावर नजर सगळ्या गल्लीची होती.

"सगुणा बसली," वरच्या गॅलरीतून हाक आली. दहा मिनिटांत पाइप आले, पिंपं आली, आणि मागच्या गल्लीतून परतणाऱ्या मामांना बायकांनी मधोमध घेतलं.

"आज तुमचा नंबर नाय," मामा म्हणाले.

"मग ही कशाला बसली?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"तिला म्या सकाळीच सांगितलंय, आज नाय म्हणून."

"सांगूनही बसली, म्हणजे तिला काहीतरी ठाऊक आहे. तुम्ही लपवायलात."

मी पुढं झाले आणि प्रयोगाचा उद्देश, पद्धत आणि निष्कर्ष क्रमानं सांगायला लागले. "बाई, तुम्ही मध्ये पडू नका," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे बोअर आहे." मी निष्कर्षासकट मागं सरकले.

इतकी वर्षं मामांनीच गल्लीला शिकवलं होतं की पाण्याचं खरं फक्त सगुणाला ठाऊक असतं. गल्ली ते शिकली होती. शेवटी मामांनी झाकण उचललं, चावी बसवली आणि चार आटे फिरवले. मागच्या गल्लीच्या वाटचं पाणी पंधरा मिनिटं आमच्या पिंपांत पडलं. सगुणा बाजूला उभी राहून शेपटी हलवत होती. मामांनी घाम पुसला आणि माझ्याकडे बघितलं. "म्या म्हणलं नाय येणार, ती म्हणली येणार. आलं का नाय? बघा बाई, कोणाला किती कळतं."

हसू तिथंच संपलं. मागच्या गल्लीनं पालिकेत तक्रार केली आणि मामांच्या हातात नोटीस पडली. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. तो कागद घेऊन ते माझ्याकडे आले आणि पहिल्यांदाच खुर्चीच्या अगदी कडेला बसले. "खुलासा लिहून द्या बाई."

"खरं तेच लिहिते. हे सगळं माझ्यामुळं झालं."

"तुमचं नाव नगं. सगुणाचंबी नगं."

"मग लिहू काय?"

"चूक झाली म्हणून लिहा. माणूस हाय, व्हती चूक."

मी तसं लिहिलं. खाली त्यांनी एकेक अक्षर जोडत सही केली, आणि मला माझ्या त्या प्रयोगाचा मनापासून राग आला. सुदैवानं समज देऊन प्रकरण मिटलं.

शेवटच्या आठवड्यात मामा त्यांच्या भागातल्या एकेका गल्लीत जाऊन एकेका कुत्र्यासमोर उकिडवे बसत होते. "आता नवा माणूस येईल. त्याच्यावर भुंकायचं नाय. चावी तीच हाय." लोक हसायचे. मीही हसले. शेवटच्या दिवशी ते आमच्याकडे आले. सगुणासमोर उकिडवे बसले, तिचा पांढरा कान हातात धरून म्हणाले, "आज अडीचला," आणि भाकरी दिली. अख्खी दिली. मग माझ्या फाटकाशी आले.

"बाई, बाकी समद्यांना सांगितलं. हिला तुमी सांगा."

"मी? अहो, मी तर म्हणते तिला शब्द कळतच नाहीत."

"म्हणून तर. तुमच्या मतानं तिला कळणारच नाय, मग तुमाला सांगायला काय जड हाय? माझ्या मतानं कळतं. माझ्यानं नाय व्हणार."

मामा फुलंब्रीच्या पुढं त्यांच्या गावी राहायला गेले. नवा माणूस चांगला आहे. पाण्याची वेळ तो मोबाईलवरच्या ग्रुपात टाकतो आणि ती बहुतेक खरी निघते, त्यामुळे सगुणाकडे आता कोणी बघत नाही. चावीचा खणखणाट आला की ती धावत सुटते, अर्ध्या वाटेत थांबते, त्या माणसाचं तोंड बघते, आणि मग सावकाश चालत झाकणावर जाऊन बसते.

सांगायचं मी रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी काम निघायचं. एका दुपारी गल्लीत कोणी नाही असं बघून, गुडघे सांभाळत तिच्यासमोर उकिडवी बसले. वाक्य तयार होतं, साधं, चार शब्दांचं: मामा आता येणार नाहीत. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, पांढरा कान पुढं केला.

"आज तीनला आहे गं," मी म्हणाले, आणि घरात निघून आले.

परवा मामांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग आवाज जरा खाली आला. "तिला सांगितलं का?"

"सांगितलं."

"काय म्हणली?"

"ऐकून घेतलं," मी म्हणाले. "भांडली नाही."

"नायच भांडणार ती," मामा म्हणाले. त्यांना बरं वाटल्याचं फोनवरही कळलं. माणसाशी खोटं बोललेलं चालतं, हे त्यांचंच म्हणणं. मी खिडकीतून बघत होते. आमची पाळी दोन दिवसांवर होती, तरी सगुणा झाकणावर बसून गल्लीच्या तोंडाकडे बघत होती.