मांजरीच्या नावाची खीर

बेबीताईला जाऊन महिना होत आला. लोक अजून फोन करतात आणि सगळे एकच विचारतात, "शेवटी फार त्रास झाला का हो?" काय सांगावं माणसाला! तिचे शेवटचे दिवस आठवायला बसलं की मला आजार आठवतच नाही. लिंबोणीखालची सावली आठवते, ओल्या पोत्यांचा वास येतो, दुपारची ती गुंगी डोळ्यांवर उतरते… आणि एक काळीपांढरी मांजर अर्धवट मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहते आहे असं वाटतं. भलतंच वाटतं म्हणा, पण वाटतं खरं.

बातमी आली ती चैत्रात. अमरावतीहून ताईच्या शेजारच्या वर्षाचा फोन. "मावशी, तुमी या बरं लवकर. बेबीमावशी कूलर लावू देऊनच नाई राहिल्या. कूलरमंधी मांजर व्यायली म्हनतेत." वऱ्हाडातल्या माणसाला यातलं संकट समजावून सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. आमच्याकडे चैत्र-वैशाखात कूलर ही चैन नसते, ती जिवाची गरज असते. आणि ताई आजारी होती. साधी आजारी नाही. पोटातला आजार यकृतापर्यंत गेला होता आणि डॉक्टरांनी हिवाळ्यातच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता औषधाचं फार काही उरलेलं नाही, त्यांना फक्त आरामात ठेवा. आरामात ठेवा म्हणे! बेबीताईला ओळखणाऱ्या कोणालाही हे ऐकून हसू आलं असतं.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा मी फ्रॉक घालत होते. माझं न्हाणं, वेणी, डबा, ताप, परीक्षा, सगळं ताईनं केलं. पुढे ती सरकारी दवाखान्यात नर्स झाली, बरीच वर्षं हिवरखेडला राहिली, मग अमरावतीला आली. भाऊजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. पण आजूबाजूच्या कितीतरी गावांतली पोरं तिच्या हातांवर जन्मली. असं सगळ्या जगाचं करणारी ही बाई स्वतःच्या अंगाला मात्र कोणाचा हात लागू द्यायची नाही. हात मोडला तेव्हा प्लास्टरात भाकरी थापली हिनं. मी भेटायला गेले तर मलाच पाटावर बसवून वाढलं. आजार कळल्यावर मी शंभरदा म्हटलं, चल अकोल्याला, माझ्या घरी एसी आहे, मी रिटायर होऊन रिकामीच बसले आहे. तर उत्तर काय? "तुह्या घरी पाहुनी म्हनून येईन. बिमार म्हनून नाई येत." बोला आता. आयुष्यात एकदा, फक्त एकदा मला तिचं काही करू दे, एवढंच माझं मागणं होतं. वेळ तर हातातून चालली होती.

वर्षाच्या फोनवर मी तडक निघाले. बडनेऱ्याला उतरेपर्यंत मनातल्या मनात भांडण पाठ करून ठेवलं होतं. घरात शिरले तर ताई मागच्या अंगणात, गाऊनवर टॉवेल घेतलेली, वाळून अगदी काटकी झालेली, खिडकीबाहेरच्या लोखंडी कूलरपाशी उभी. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. बायतीन झोपली."

बाळंतिणीला आमच्याकडे बायतीन म्हणतात. मी कूलरच्या फटीतून आत पाहिलं. कूलरच्या बाजूंना बसवतात त्या गेल्या वर्षीच्या जुन्या ताटीचं गवत ओढून मांजरीनं गादी केली होती, आणि तिच्या पोटाशी उंदरांएवढी तीन पिलं चिकटली होती.

"ताई, अव थे मांजर आहे!"

"मंग? मांजर आहे म्हनून काय तिले कळा नाई आल्या? सवा महिना बायतीनीले उठवत नसतात छबे. जिंदगीभर लोकाईच्या सासवाईसंगं भांडली मी याच्यासाठी. आता माह्याच घरी उठवू काय?"

"अन् तुह्यं काय? भाजून निघशीन ना या उन्हात!"

"मले काय झालं?"

हे तिचं ‘मले काय झालं’ ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पाठ केलेलं भांडण मी तिथंच, कुजबुजत्या आवाजात, पूर्ण भांडून घेतलं. ताईनं ते शांतपणे ऐकलं आणि मला म्हणाली, हातपाय धू, तुले चहा टाकते.

दुसऱ्या दिवशी तर कहरच. सकाळी स्वयंपाकघरातून हळिवाचा वास आला. पाहते तर ताई ओट्याला टेकून उभी, कपाळावर घाम, आणि पातेल्यात खीर. भिजवलेले हळीव, दूध, खोबरं, दूध फाटू नये म्हणून गूळ पातेलं खाली उतरवल्यावर… सगळं यथासांग. "बायतीनीले ताकद पायजे," म्हणाली. बाळंतीण आली की हळिवाची खीर, हा हिशेब तिच्या हाडात इतका मुरलेला, की बाळंतिणीला शेपूट आहे हे तिच्या लक्षातच आलं नसावं! वाटी कूलरच्या पायाशी ठेवली. मांजर खाली उतरली, वास घेतला, पंजा झटकला आणि आमच्याकडे पाहून जी तोंड फिरवून गेली! मला हसू आवरेना. "खाय आता तूच," मी म्हटलं. ताई रागानंच वाटीकडे पाहत राहिली, "एवढं दूध वाया जाईन," म्हणाली आणि पायरीवर बसून चमच्या-चमच्यानं सगळी खीर खाल्ली. कित्येक दिवस ही बाई दोन घोट चहावर जगत होती.

त्या दिवसापासून मी शहाणी झाले. रोज खीर मी करायची, मांजरीच्या नावानं. वाटी तिच्यापुढे ठेवायची, ती तोंड फिरवायची, की ‘वाया जाईन’ म्हणून पातेल्यातली ताईकडे. मांजरीला मी गुपचूप उकडलेलं अंडं घालत असे. मग लक्षात आलं, की खिरीचंच काय, या घरात मांजरीच्या नावानं काहीही चालतं. पिलांना झळ लागते म्हणून व्हरांड्याला ओली पोती बांधली. बायतीनीवर कोणीतरी नजर ठेवायला पाहिजे, मला आत कामं आहेत, म्हणून व्हरांड्यात बाज टाकून ताईला तिच्यावर आडवी केली. कधी नव्हे ती दिवसभर पडून राहिली बिचारी, ड्यूटी म्हणून! मी मनाशी म्हणायचे, छबे, तू फार हुशार.

मांजर मात्र कोणाला जवळ येऊ देत नव्हती. पहिल्याच दिवशी मी लाडानं हात पुढे केला तर ओरबाडलं मेलीनं. ताई बाजेवरून शिकवायची, "डोयात पाहू नको तिच्या. ताटली ठेव अन् पाठ फिरव. जवय जायची घाई करू नको, तिले वाटलं तं थे येईन." तिचा आवाज दुपारी फार खोलातून यायचा. पोत्यांवरून येणारी हवा, थेंब थेंब पाणी, लिंबोणीत कोणतं तरी पाखरू… आम्ही दोघी जाग्याही नसायचो आणि झोपलेल्याही नसायचो. मधूनच ताई म्हणे, "दिवा जवय आन व, दिसून नाई राहिलं," आणि मला कळे, की ती आत्ता हिवरखेडच्या कोण्या घरात आहे, कोणाचं तरी बाळ येतं आहे. मी म्हणायचे, आणला. "मंग ठीक आहे," म्हणून ती पुन्हा बुडून जायची. थोड्या वेळानं तिकडे कूलरमध्ये पिलं चीं चीं करत. कोणत्या बाळाचा आवाज कोणत्या काळातला, तेच समजेनासं व्हायचं.

वैशाखात कूलरचा पत्रा तापला. मग मांजरीनं स्वतःच मान तोंडात धरून एकेक पिलू लिंबोणीखाली आणलं, जिथं मी टोपलं आडवं करून त्यावर ओलं पोतं टाकून ठेवलं होतं. मला काय आनंद! लगेच माणूस बोलावून नव्या ताट्या बसवल्या, पाणी भरलं, कूलर सुरू केला. म्हटलं, चल ताई आता आत. तर म्हणे, "थे बाहेर अन् मी अंदर? तिले पाहीन कोन?" आता कप्पाळ! नव्या ताट्यांचा कूलर रिकाम्या खोलीत घुमत राहिला आणि आम्ही बाहेरच. आता ताईला उठताना आधार लागत होता, पण तो ती भिंतीचा घ्यायची, माझा नाही.

आणि मग एका सकाळी मांजर निघाली. मांजर पिलांना सात घरं दाखवते म्हणतात, तसंच असेल. सवा महिना काही झाला नव्हता, तिला कोण सांगणार! एक पिलू उचललं, कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे. परत आली, दुसरं नेलं. ताई कोपरावर उठून पाहत होती. तिसरं नेताना मांजर भिंतीवर जराशी थांबली आणि उतरली… नंतर आली नाही. दुपारपर्यंत आम्ही वाट पाहिली. "गेली बाई," ताई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मला चिंता पडली, ती मांजरीची नव्हे. आता कोणाच्या नावानं खीर करू? पोती कोणासाठी ओली करू? उद्या ही बाई म्हणेल, मले काय झालं, जाय तू अकोल्याले. संध्याकाळ झाली तरी मी स्वयंपाकघरात हळिवाचा डबा हातात घेऊन नुसती उभी होते. रडायला येत होतं आणि रागही येत होता, त्या मांजरीचा, ताईचा, सगळ्यांचाच.

"छबे…" बाहेरून हाक आली. "आज खीर नाई केली काय?"

मी दारात गेले. "कोनासाठी करू ताई? बायतीन तं गेली."

ताईनं भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "मी आहो ना."

मी बाजेशी जाऊन बसले.

"मांजर हळीव खात नाई, एवढं मले नाई समजत काय व? पहिल्या दिवशी चुकली मी. रोज रोज चुकीन काय?"

"मंग एवढे दिवस बोलली काहून नाई?"

"तू खुश होती," ताई म्हणाली.

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. खीर केली. तिनं चार चमचे खाल्ली, तेही मी भरवले. मग म्हणाली, डोकं जड झालं, तेल लावून दे. माझ्या आठवणीत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी उशीवर तिचं डोकं नीट टेकवलं आणि खोबरेल तेल कोमट करून आणलं. केस किती विरळ झाले होते… माझी बोटं घाबरत होती. "जोरानं चोय ना," ती म्हणाली, "दुखत नाई मले." मी चोळत राहिले. कानामागे, मानेपर्यंत, जसं ती माझ्या डोक्याला चोळायची. डोळे मिटूनच म्हणाली, "बरं वाटून राहिलं व."

त्यानंतरच्या दिवसांत मी तिला न्हाऊ घातलं, कपडे बदलले, कूस वळवली. एकदाही तिनं माझा हात बाजूला केला नाही. रोज संध्याकाळी तेल मात्र न चुकता मागायची. गेली ती अशीच एका दुपारी, झोपेत, व्हरांड्यातच.

अकोल्याला परत येताना तिची ती उशी मी सोबत आणली. परवा सूनबाई म्हणाली, "आई, अभ्रा किती तेलकट झालाय, धुवायला टाकू का?"

"राहू दे," मी म्हटलं. "माझ्या हातचं तेल आहे ते."